फिक्सीचं मागचं चाक: पंक्चर, चेन आणि गोव्याची खारी हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजीजवळच्या ताळगावात राहणाऱ्या एका सायकलस्वाराकडे फिक्सी आहे, म्हणजे जिची पेडलं आणि मागचं चाक कायम एकत्रच फिरतात अशी सायकल. पेडलकडचं दातेरी चक्र, म्हणजे चेनव्हील, ४८ दातांचं, मागच्या चाकावरचं, म्हणजे कॉग, १६ दातांचं, टायर ७०० x २५. महिन्याभरात मागचं चाक दोनदा पंक्चर झालं. दोन्ही वेळा नाक्यावरच्या दुकानात पंक्चर काढून घेतलं, पण तेव्हापासून पेडल मारताना मध्येच जड लागतं आणि खालून करकर ऐकू येते. शिवाय पावसाळा लागल्यापासून चेन एका रात्रीत तांबडी होते. टायर बदलायचा, चेन बदलायची, की दोन्ही?

लगेच काहीच बदलू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची तपासणी मागच्या चाकाच्या दोन नटांपासून सुरू होते. फिक्सीला फ्रीव्हील नसतं, म्हणजे पेडल थांबवून चाक फिरू देणारी चकरी नसते, आणि चेन गियरवर सरकवून ताणून धरणारा डिरेलरही नसतो. चेनचा ताण धरून ठेवणारं दुसरं काहीच नाही. चाक फ्रेमच्या खाचेत जिथे आवळलं तिथे चेनचा ताण ठरला. म्हणजे पंक्चरसाठी चाक काढलं की चेनची जुळवणी मोडली, आणि ज्याने चाक परत बसवलं त्याने ती नव्याने केली, त्याच्या लक्षात आलं असो वा नसो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीलाही एकच गियर असतो आणि आपल्याकडचे मेस्त्री ती रोज बसवतात, पण तिला फ्रीव्हील आहे. तिची चेन पडली तर सायकल पुढे घरंगळते आणि हातब्रेकने थांबते. फिक्सीची चेन हा ब्रेकही असतो. चालत्या फिक्सीची चेन पडली तर एक तर ती कॉग आणि फ्रेम यांच्यात अडकून मागचं चाक जागीच धरते, नाही तर पायाने वेग कमी करायची सोय त्याच क्षणी जाते. म्हणून पुढचं काही वाचण्याआधी एवढं पाहा की पुढच्या चाकाचा हातब्रेक लावलेला आहे आणि चालतो आहे. गोव्यातले उतार लहान असले तरी उभे आहेत, आणि पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरून खाली येताना समोर कधी काय येईल ते सांगता येत नाही.

आता पंक्चर. पंक्चर काढण्याआधी ते का झालं हे शोधायचं, नाही तर तिसरं ठरलेलंच. त्यासाठी एक सवय लावून घ्या: टायर बसवताना त्यावरचं छापील नाव नेहमी वॉल्व्हपाशी आणा. मग ट्यूबमधलं भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं की टायरमधली तीच जागा लगेच सापडते, फक्त वॉल्व्हच्या डावीकडे की उजवीकडे एवढं लक्षात ठेवावं लागतं.

भोक कुठे आणि कसं आहे यावरून कारण कळतं. ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काच, तार किंवा काटा. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर बाटल्यांच्या काचा भरपूर, आणि पावसाचं पाणी त्या काचा, बारीक खडी, चिऱ्यांचे कण असं सगळं वाहून रस्त्याच्या कडेला आणतं, नेमकं सायकल चालते तिथे. ओल्या रबरात काच सहज शिरते, कारण पाणी तिथे वंगणासारखं काम करतं. म्हणून पावसाळ्यात अगदी कडेने न चालवता कडेपासून हातभर आत चालवणं बरं. सडे आणि डोंगरउतारांवरच्या कच्च्या वाटांनी जात असाल तर करवंदीचे काटेही धरा.

शेजारी शेजारी दोन चिरा असतील, साधारण सेंटिमीटरभर अंतरावर, तर तो स्नेकबाइट. हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या किंवा गतिरोधकाच्या काठावर आपटलं आणि ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटली. यात टायरचा दोष नसतो, हवेचा असतो. ब्युटाइल ट्यूबमधून हवा आपोआप थोडी थोडी कमी होतेच, आणि बारीक टायरमध्ये मुळात हवेचं आकारमान कमी असल्याने तो फरक लगेच जाणवतो. ७० किलोच्या आसपास वजन असेल तर ७०० x २५ टायरमध्ये मागे ९० ते ९५ आणि पुढे ८५ पीएसआय ठेवा. २८ चा टायर असेल तर मागे ८० ते ८५, पुढे ७० ते ७५ पुरेत. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. हवा दर आठवड्याला गेज असलेल्या पंपाने तपासा. अंगठ्याने दाबून ६० आणि ९० मधला फरक कळत नाही. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने भरायची वेळ आली तर एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरा, कारण एवढ्याशा ट्यूबमध्ये दाब क्षणात चढतो.

भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमटेप सरकली आहे किंवा आऱ्याचं टोक, नाही तर रिमच्या भोकाची धार लागते आहे. पावसाळ्यात रिममध्ये पाणी जातं आणि स्वस्तातली रबरी पट्टी सैल होऊन बाजूला सरकते. ती काढून टाका, रिम कोरडी पुसा आणि रिमच्या रुंदीला बसणारी कापडी चिकट टेप लावा. वॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पॅच लावायचा प्रयत्न करू नका, तिथे तो टिकत नाही. ट्यूब बदला आणि कारण शोधा. बहुतेक वेळा कमी हवेमुळे जोर लावताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. दुसरं कारण रिमच्या भोकाचं. प्रेस्टा, म्हणजे बारीक वॉल्व्हसाठी भोक साडेसहा मिलिमीटरचं लागतं, श्रेडरसाठी, म्हणजे मोटारसायकलसारख्या वॉल्व्हसाठी, साडेआठचं. मोठ्या भोकात प्रेस्टा ट्यूब नुसती घातली की वॉल्व्ह हलत राहतो आणि बूड कापलं जातं. मध्ये बसवायची रबरी किंवा धातूची कडी मिळते, ती घाला.

आणि तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त शंका आहे ती पाचव्या कारणाची. तुमचा गियर ४८-१६ आहे. पेडल रोखून मागचं चाक घसरवत थांबायची सवय असेल तर हा आकडा टायरचा शत्रू आहे. ४८ भागिले १६ म्हणजे बरोबर ३. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, एका फेऱ्यात चाकाचे पुरे तीन फेरे होतात, आणि तुम्ही दरवेळी क्रँक एकाच स्थितीत रोखता, त्यामुळे टायरचा तोच एक चट्टा दरवेळी रस्त्यावर घासतो. पाय आलटून पालटून घसरवलं तर दोन चट्टे, बस. बाकीचा टायर नव्यासारखा दिसत असतो आणि त्या एका जागी रबर संपून धागे दिसायला लागलेले असतात. दोन्ही वेळची भोकं वॉल्व्हपासून सारख्याच अंतरावर आहेत का ते आधी पाहा.

हिशेब सोपा आहे. चेनव्हील आणि कॉगच्या दातांच्या अपूर्णांकाला पूर्ण संक्षेप द्या, खाली उरलेला आकडा म्हणजे घासणाऱ्या चट्ट्यांची संख्या. ४४-१६ म्हणजे ११ भागिले ४, चार चट्टे. ४६-१६ म्हणजे २३ भागिले ८, आठ चट्टे. ४८-१७ चा संक्षेप होतच नाही, म्हणून सतरा. वरचा आकडा विषम असेल आणि दोन्ही पायांनी घसरवता येत असेल तर ही संख्या दुप्पट होते. तुमच्यासाठी १७ चा कॉग हा सगळ्यात स्वस्त आणि नेमका उपाय आहे. झीज सतरा जागी वाटली जाईल आणि गियर ३ वरून २.८२ वर येईल. दोनापावलची चढण किंवा आल्तिनोचा रस्ता रोज असेल तर गुडघ्यांनाही ते मानवेल. एक दात वाढल्याने चाक खाचेत साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतं, त्यामुळे बहुतेक वेळा चेन तीच चालते. धागे दिसत असलेला टायर मात्र वाचवू नका, तो बदलायचाच.

चाक काढायचं कसं ते आता नीट सांगतो, कारण चुकीच्या क्रमाने काढलं की हात आणि फ्रेम दोन्हींना त्रास. सायकल उलटी करा किंवा स्टँडला लावा. मागच्या नटांना बहुतेक १५ मिलिमीटरचा पाना लागतो. नीट बसणारा रिंगपाना वापरा, सरकणारा पाना नटाचे कोपरे गोल करतो. नट पूर्ण काढायचे नाहीत, दोन-तीन फेरे सैल करायचे. चेन टेन्शनर, म्हणजे चाक मागे ओढून धरणारे स्क्रू, असतील तर ते दोन्ही बाजूंना मोजून सारखे सैल करा. फिक्सीच्या फ्रेमची खाच मागच्या दिशेला उघडी असते, म्हणून चाक आधी पुढे ढकलायचं, चेनला ढील आली की ती कॉगवरून उचलून बाजूला घ्यायची, आणि मगच चाक मागे ओढून बाहेर काढायचं. चेन न उतरवता चाक मागे ओढणारे पुष्कळ असतात. त्यात चेन ताणली जाते, चाक खाचेत तिरकं अडकतं आणि मग हातोडी निघते.

टायर काढताना उरलेली हवा पूर्ण सोडा आणि टायरच्या दोन्ही कडा हाताने चिमटून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तिथे रिमचा घेर कमी असल्यामुळे वॉल्व्हच्या समोरच्या बाजूला कड ढिली होते आणि प्लॅस्टिकच्या दोन लिव्हरवर काम होतं. लोखंडी लिव्हर किंवा स्क्रूड्रायव्हर नको, तो ट्यूब कापतो आणि ॲल्युमिनियमच्या रिमवर ओरखडे पाडतो. फक्त एक बाजू उघडायची.

ट्यूबमध्ये दुप्पट फुगेल एवढी हवा भरून कानाशी फिरवा, नाही कळलं तर बादलीत बुडवा. भोकाभोवती खूण करा. पॅचपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने खरवडा, ट्यूबवरची चकाकी आणि मधली शिवण जाईपर्यंत. शिवण उंच राहिली तर पॅचच्या खालून हवा तिच्या बाजूने निघते. सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. बहुतेक पंक्चर फसतात ते इथेच. सोल्यूशन ओलं असताना पॅच लावला तर तो सरकतो आणि दुसऱ्या दिवशी सुटतो. बोट लावल्यावर चिकटत नाही इतकं सुकायला एरवी पाच मिनिटं पुरतात. जुलैच्या दमट हवेत आठ-दहा द्या, आणि ते काम पंख्याखाली करा, पावसाच्या उघड्यावर नको. द्रावक उडून जाताना रबर थंड होतं आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. तो पांढुरका थर दिसला तर पुसून कोरडं करा आणि दुसरा थर लावा. मग पॅच मध्यापासून कडांकडे जोराने दाबा, वरचा पातळ प्लॅस्टिक कागद ओढून काढू नका, राहू द्या. उघडलेली सोल्यूशनची ट्यूब दोन-चार महिन्यांत आतल्या आत सुकते, पिशवीत न उघडलेली एक ठेवा.

ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. काच असेल तिथे कापड अडकतं आणि बोट वाचतं. टायर बाहेरून दोन्ही हातांनी वाकवून चिरा उघडून पाहा, रुतलेले काचेचे तुकडे सुईने उकरून काढा. चीर तीन-चार मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर आतून टेट्रापॅकचा किंवा जुन्या टायरच्या बाजूचा तुकडा लावला की घरापर्यंत पोहोचता येतं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून, ती गोल आकार घेईल एवढीच, आत बसवा. टायरची कड वॉल्व्हच्या समोरून सुरू करून वॉल्व्हपाशी संपवा आणि शेवटचा टप्पा तळहाताने चढवा, लिव्हरने नाही. नव्या ट्यूबमधली हवा घालताच लगेच गेली असेल तर ती बहुधा लिव्हरनेच चिमटली आहे. वॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे त्याच्या बुडाखाली कड अडकलेली राहत नाही. दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते पाहून मग पूर्ण हवा भरा.

आता चाक परत बसवणं, जिथे तुमची करकर सुरू झाली. चाक खाचेत घाला, पुढे ढकला, चेन कॉगवर चढवा, मागे ओढा. नटांमागचे खाचांचे वायसर फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला आले पाहिजेत. टेन्शनर नसेल तर चाक दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चालवत मागे न्यायचं. आधी उजवा, चेनकडचा, नट हलका आवळा. मग टायर पुढच्या बाजूला, चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या दोन नळ्यांच्या, मध्ये, डावीकडे ढकला. ॲक्सलचं डावं टोक मागे जातं. तिथे डावा नट आवळा, उजवा सैल करा आणि टायर परत मध्यावर आणा. आता उजवं टोक मागे जातं आणि चेन ताणली जाते. दोन-तीन वेळा असं केलं की ताण जिथे हवा तिथे येतो आणि हातात फक्त एक पाना लागतो. शेवटी दोन्ही नट ३० ते ४० न्यूटन-मीटर आवळा. टॉर्क पाना नसेल तर वीतभर लांबीच्या पान्यावर चांगला जोर. दोन नटांवर मागचं चाक आणि चेन दोन्ही उभे आहेत, तिथे हात राखायचा नाही.

ताण किती? खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवून पाहा. एकूण हालचाल १० ते १५ मिलिमीटर हवी. चेन अगदी ताठ ठेवली की फिक्सी घट्ट लागते असा समज आहे, तो सोडून द्या. ताठ चेन क्रँकच्या आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बेअरिंगवर सतत ओढ ठेवते, कॉगचे दात खाते आणि करकरते. तुमचं वर्णन ऐकून चेन जास्त ताणलेली असण्याचीच शक्यता दिसते. उलट २५ मिलिमीटरच्या वर झोल असेल तर खड्ड्यात चेन पडू शकते.

ही मापं घ्यायची ती चेन सर्वांत घट्ट असेल त्या ठिकाणी, कारण चेन सगळीकडे सारखी घट्ट नसते. मागचं चाक उचलून क्रँक हळू फिरवत राहा आणि झोल बघत जा. एका ठिकाणी घट्ट, अर्ध्या फेऱ्याने सैल असा फरक दिसला तर चेनव्हील मध्यावर नाही. पेडल मध्येच जड लागण्याचं कारण हेच असतं. उपाय विनाखर्चाचा आहे. चेनव्हीलचे पाचही बोल्ट किंचित सैल करा, चेनव्हील हाताने जेमतेम सरकेल एवढेच. चेन सर्वांत घट्ट आहे त्या स्थितीत आणा आणि वरच्या चेनवर लाकडी दांड्याने हलकेच ठोका. चेनव्हील थोडंसं मागे सरकतं. फिरवून पुन्हा पाहा, पुन्हा ठोका. तीन-चार वेळात फरक बराच कमी होतो. मग बोल्ट एकाआड एक आवळा, ८ ते १० न्यूटन-मीटरपर्यंत. पूर्ण गेला नाही तरी चालतं. घट्ट जागेला १० मिलिमीटर झोल ठेवा आणि सैल जागेला २० च्या आत राहतो ना ते पाहा. चेन सरळ रेषेत आहे का हेही तेव्हाच पाहून घ्या. फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनव्हीलचं आणि कॉगचं अंतर सारखं हवं, फिक्सीच्या हबवर (ट्रॅक हब) ते सहसा ४२ मिलिमीटर असतं. दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर चेन घासत आवाज करते आणि लवकर झिजते.

चेन साफ करण्यापूर्वी एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. फिक्सीचं चाक फिरवून फिरत्या चेनवर फडकं कधीही धरू नका. साध्या सायकलवर पेडल थांबवलं की चेन थांबते. फिक्सीत चाक फिरतं तोपर्यंत चेन फिरतेच. फडक्याचा कोपरा कॉगमध्ये गेला की बोट त्याच्यामागून जातं, आणि चाकाच्या वेगाने कापलं जातं. अशा प्रकारे लोकांनी खरोखर बोटं गमावली आहेत. चेन जागेवर पुसायची असेल तर क्रँक एका हाताने हळू हलवायची, फडकं चेनव्हील आणि कॉगच्या बरोबर मध्ये, खालच्या चेनवर धरायचं, आणि हलवणं थांबवून मगच फडक्याची जागा बदलायची. लहान मूल शेजारी असेल तर ते कामच पुढे ढकला.

खरं म्हणजे फिक्सीची चेन काढून साफ करणंच सोपं असतं. बऱ्याच १/८ इंची चेनना क्लिपची जोडकडी असते. पक्कडीने क्लिप सरकवली की चेन हातात. रुंद तोंडाच्या बाटलीत चेन घाला, १५० मिली रॉकेल, डिझेल किंवा पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन ओता, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. गाळ ओता, पुन्हा भरा. तिसऱ्या वेळी द्रव जवळजवळ स्वच्छ दिसतो. पेट्रोल वापरू नका, ते फार लवकर पेट घेतं. उरलेलं घाण तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बाटली झाकून ठेवा, गाळ तळाशी बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. चेन पुसून तासभर उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण सुकू द्या.

परत लावताना क्लिपचं बंद टोक चेन चालते त्या दिशेला, म्हणजे वरच्या चेनवर पुढच्या बाजूला आलं पाहिजे. उलटी लागली तर फांदीने, दोरीने किंवा कशाच्याही धक्क्याने ती उघडू शकते. हे बघायला दोन सेकंद लागतात, पण दर वेळी बघाच.

वंगण: प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. ९६ सांध्यांच्या चेनला एकूण तीन ते चार मिली लागतं, जास्त नाही. क्रँक पाच मिनिटं हळू फिरवा, थोडा वेळ थांबा, मग बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलं तर फक्त धूळ धरतं. आणि आपल्याकडची धूळ साधी नाही. जांभ्याची तांबडी माती म्हणजे लोहाचे ऑक्साइड आणि सोबत वाळूचे कण. डिचोली, सांखळी, उसगावकडच्या खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर तर खनिजाची भुकटी. लोहाचं ऑक्साइड धातूला पॉलिश करायला वापरतात, यावरून ते तेलात मिसळून रोलरमध्ये काय करत असेल ते ओळखा. चिकट तेल लावलेली चेन त्या रस्त्यांवर काळी होत नाही, तांबडी पेस्ट होते.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत पातळ, कोरडं राहणारं ड्राय ल्यूब किंवा मेण बरं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र मेण आणि ड्राय ल्यूब एका जोरदार सरीत धुऊन जातात आणि चेन उघडी पडते. तेव्हा घट्टसर वेट ल्यूबच हवं, मग ते काळं झालं तरी चालेल. खोबरेल तेल घराघरात असतं म्हणून लावलं जातं. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी चेनमध्ये घट्ट झालेलं असतं. शिलाई मशीनचं तेल चेनसाठी फार पातळ आहे, एक-दोन फेऱ्यांत संपतं. इंजिन ऑइल वंगण म्हणून वाईट नाही, पण धूळ फार धरतं. डब्ल्यूडी-४० ने पाणी हटतं आणि गंज सुटतो, पण तेवढ्यावर चेन चालवू नका, त्यावर वंगण लावावंच लागतं.

एका रात्रीत चेन तांबडी होते, कारण चेनवर नुसतं पावसाचं पाणी नसतं. मिरामार ते दोनापावलच्या रस्त्यावर समुद्राची खारी हवा आणि उडालेली वाळू, मासळीच्या ट्रकमधून रस्त्यावर सांडणारं खारं पाणी, दिवाडी किंवा चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीचं मचूळ पाणी. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही चेन ओलीच राहते. ओल्या फेरीनंतर त्याच रात्री करायचं काम दहा मिनिटांचं आहे: चेन आणि नट गोड्या पाण्याने पुसून घ्या, पाण्याचा जोराचा फवारा हबच्या बेअरिंगवर मारू नका, कोरड्या फडक्याने चेन कोरडी करा, वेट ल्यूबचा हलका हात द्या, पुसा. वरवरचा तांबडा थर फडक्याने निघत असेल तर चिंता नाही. कड्या वाकताना अडकत असतील तर तो गंज आत गेला आहे. पुढची चेन घेताना निकेलचा किंवा गंजरोधक मुलामा असलेली घ्या, गोव्यात त्याचे थोडे जास्त पैसे वसूल होतात. नटांचे आटे आणि वायसर यांनाही बोटभर ग्रीस लावून ठेवा, नाही तर सप्टेंबरमध्ये नट सुटायचे नाहीत.

चेन बदलायची की नाही हे दिसण्यावरून ठरवू नका, मोजा. नव्या चेनच्या पिनेपासून पिनेपर्यंत २४ सांध्यांची लांबी ३०४.८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १२ इंच असते. पोलादी पट्टी लावा. ३०७ भरली तर चेन पाऊण टक्का झिजली आहे, बदलायची वेळ झाली. ३०८ पर्यंत ओढली की कॉग आणि चेनव्हीलचे दातही त्या लांबीला घासून जुळलेले असतात आणि मग नवी चेन त्यांच्यावर बसत नाही, तिन्ही बदलावी लागतात. फिक्सीला याहून सोपी खूण आहे. नवी चेन लावून ताण जुळवला की ॲक्सलचा मध्य जिथे येतो तिथे फ्रेमवर न पुसणाऱ्या मार्करने खूण करून ठेवा. चेन झिजून लांबते तसं चाक मागे सरकवावं लागतं, आणि तेही चेन जितकी लांबली त्याच्या निम्मं. ९६ सांध्यांची चेन सुमारे १२१९ मिलिमीटर लांब, तिची एक टक्का वाढ १२ मिलिमीटर, म्हणजे चाक ६ मिलिमीटर मागे. खुणेपासून साडेचार मिलिमीटर मागे गेलं की पट्टी काढून मोजा. पंक्चरसाठी चाक काढाल तेव्हा ही तपासणी आपोआप होते.

फिक्सीचे दात दोन्ही बाजूंनी झिजतात, कारण पुढे जोर लावताना वरची चेन ओढते आणि पायाने रोखताना खालची. दातांची टोकं अणकुचीदार किंवा वाकलेली दिसली तर नवी चेन घालून पैसे वाया घालवू नका.

शेवटी कॉग आणि लॉकरिंग, कारण १७ चा कॉग बसवायचा तर हे येणारच. कॉगचे आटे सरळ असतात, चेन ओढते तसा तो आवळला जातो. पायाने रोखलं की तो उलटा सुटायला बघतो, म्हणून त्याच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते: ती घड्याळाच्या उलट दिशेने आवळते आणि घड्याळाच्या दिशेने सुटते. नाक्यावरच्या दुकानात तिचा आकडीचा पाना बहुधा नसतो, आणि छिन्नी-हातोडीने खाचा तुटतात. तो पाना आणि चेनव्हिप, म्हणजे कॉग फिरवायचा चेनचा पाना, स्वतःजवळ ठेवणं परवडतं. तुमच्या हबवर दोन पायऱ्यांचे आटे आहेत ना ते आधी पाहा. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर कॉग चढवून बाहेरून बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगची, सरळ आट्यांची रिंग लावलेली असेल, तर पायाने रोखताना दोन्ही एकत्र सुटू शकतात. अशा हबवर पायाने ब्रेक मारूच नका, हब बदला.

जुना कॉग काढून हबचे आटे ब्रशने स्वच्छ करा, पातळ ग्रीस लावा, नवा कॉग आधी हाताने पूर्ण फिरवा. तिरका लागतोय असं वाटलं तर लगेच उलटा काढून पुन्हा सुरू करा, कारण बहुतेक हब ॲल्युमिनियमचे असतात आणि कॉग पोलादाचा. मग चेनव्हिपने जोरात आवळा आणि लॉकरिंग चढवा. त्यानंतर हातब्रेक तपासून, पायाने अजिबात न रोखता, आल्तिनोच्या चढावर एकदा पूर्ण जोराने चढून जा. पायाच्या जोराने कॉग आणखी थोडा आत बसतो आणि लॉकरिंग व कॉग यांच्यात केसाएवढी फट पडते. उतरताना फक्त हातब्रेक वापरा, घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा, आणि वीस-तीस किलोमीटरनंतर आणखी एकदा. ही फट तशीच राहिली तर प्रत्येक रोखण्याबरोबर कॉग पुढे-मागे ठोकतो, हबचे आटे सोलून निघतात, आणि त्या हबवर मग कुठलाच कॉग टिकत नाही.